भाऊचा कारखाना

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. लाखनी.

भाऊबीजेला म्हणून नागपूरहून आले, ती अजून इथेच आहे. प्रीतमने मला कामाला लावलं आहे. कारखान्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्याचा इतिहास लिहून हवा आहे, गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोंसह. "आत्या, तुमच्यासारखं शुद्ध लिहिणारं घरात कोणी नाही," असं म्हणाला. हे खरं असल्यामुळे मी हो म्हटलं.

त्याने स्वतः एक मसुदा केला होता, म्हणजे मोबाइलला करायला लावला होता. पहिलंच वाक्य: 'एका छोट्या गावातील एका मोठ्या स्वप्नाची ही कहाणी.' मी विचारलं, कोणाचं स्वप्न? म्हणाला, आजोबांचं. माझ्या वडलांना, वासुदेवरावांना, मी ओळखत होते. आबा राइस मिलची यंत्रं दुरुस्त करायचे. पुढे दवाखान्यांसाठी आणि हॉटेलांसाठी कपडे धुण्याची मोठी यंत्रं बनवायला लागले, कारण कोणीतरी मागितली. दुपारी जेवून झोपायचे तेव्हाही त्यांना स्वप्न पडायला सवड नसे. कुठल्यातरी मिलचा पट्टा तुटलेला असायचा.

मसुदा फाडला. विमा कंपनीत सारा जन्म लोकांचे दावे तपासण्यात गेला. माणूस कुठे खोटं बोलतो आणि कुठे गप्प बसतो, ते मला लांबून कळतं. इतिहास मी नीट लिहीन.

भाऊला, केशवला, म्हणजे प्रीतमच्या वडलांना, विचारलं, "तुला काही सांगायचं आहे का?" तो म्हणाला, "लिही ना तुले जे वाटते ते." सबंध आयुष्य त्या कारखान्यात घातलं, पण बढाईचा एक शब्द नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पहिल्या यंत्राचं प्रकरण लिहिलं. मिशनच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर आबांकडे आल्या होत्या. चादरी धुऊन धुऊन त्यांच्या बायकांचे हात सोलले होते. आबा तेव्हा एका मिलचा धान चाळायचा ड्रम दुरुस्त करत होते. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "फिरवून पाहू." एवढंच. यात स्वप्न कुठे आहे ते प्रीतमने दाखवावं.

पहिल्याच दिवशी यंत्राने चादरींच्या चिंध्या केल्या. पत्र्याला भोकं पाडली की भोकाच्या कडेला बारीक धार उरते. आमच्या घरात तिला कुसळ म्हणतात, धानाच्या कुसळासारखी, दिसत नाही पण लागते. आबा हात फिरवून शोधत बसले; त्यांच्या हातांना इतके घट्टे की सुरी लागली तरी कळायची नाही. मग आई आपली पवनीची कोशाची रेशमी साडी घेऊन ड्रमच्या आत शिरली आणि सगळ्या पत्र्यावरून ती साडी फिरवली. जिथे धागा अडकला तिथे खडूची खूण, मग कानशीने तेवढंच घासायचं. तेव्हापासून कोसा फिरवल्याशिवाय आमचा ड्रम बाहेर जात नाही. आई करायची, मग जना वहिनी, म्हणजे भाऊची बायको, करायच्या. आता त्यांचे गुडघे गेले म्हणून शेजारची रेवताबाई येते. अगदी सुरुवातीला मीही केलं. लहान होते, सहज मावायचे. आत बसलं की हजार भोकांमधून उजेड अंगावर पडतो आणि बाहेरचे सगळे आवाज लांब जातात, आणि... हे इतिहासात घालायचं कारण नाही.

पुढच्या जूनमध्ये मी नागपूरला सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये बोर्डिंगला गेले. लाखनीच्या शाळेतली मुलगी, पण माझं अक्षर पाहून त्यांनी घेतलं. त्याच महिन्यात आबांनी बोर्डिंगला एक यंत्र फुकट बसवून दिलं. आबा दानशूर मुळीच नव्हते, त्यामुळे हे त्यांना कसं सुचलं ते मला कधी उलगडलं नाही.

भाऊने त्याच वर्षी शाळा सोडली आणि कारखान्यात उभा राहिला. त्याला तशीही अभ्यासाची गोडी नव्हती, सारखा तलावावर पळायचा. कारखान्याने त्याला मार्गाला लावलं.

९ नोव्हेंबर, रविवार

इतिहास कशाला हवा होता ते आज कळलं. प्रीतमची बायको डिंपल पोहे वाढता वाढता बोलून गेली, "कोइम्बतूरच्या लोकांना इंग्रजीतही लागेल ना, आत्या?"

मी चमचा खाली ठेवला. कोइम्बतूरचे कोण लोक?

तिथली एक मोठी कंपनी आमचा कारखाना नावासकट घ्यायला तयार आहे. यंत्रं तिकडे बनतील, त्यांच्यावर पाटी आमची लागेल. लाखनीत फक्त दुरुस्तीचं दुकान राहील, तिथे प्रीतम बसेल. डिसेंबरच्या सुरुवातीला ते लोक येणार आहेत. आबांनी कारखाना अर्धा भाऊच्या आणि अर्धा माझ्या नावावर केलेला असल्यामुळे दोघांच्याही सह्या लागतात.

"आणि हे मला पुस्तिका छापून झाल्यावर सांगणार होतास?"

"आत्या, तुम्ही आधी रागावता, मग ऐकता."

"मी रागावत नाही."

"बरं."

"तुझ्या बापाचा जीव आहे त्या कारखान्यात."

"मग त्यांनी तसं म्हणावं ना," प्रीतम म्हणाला. "एक वाक्य. विकायचं का विचारलं तर म्हणतात, रत्ना म्हणेल तसं. यंत्राच्या दाराचं रबर कुठून मागवायचं विचारलं तर म्हणतात, पाहू. सकाळी विचारलं तर पाहू, संध्याकाळी विचारलं तर पाहू. हो म्हणा, नाही म्हणा, मला काहीतरी म्हणा. कंटाळून गेलो मी."

आजकालच्या मुलांना मोठ्यांचं मौन कळत नाही.

आमच्या घरात बहीण मोठ्या भावाशी मालमत्तेचं तोंडावर बोलत नाही. आबांच्या काळापासून असे निरोप वहिनीमार्फत जातात. जेवताना मी जना वहिनींना म्हटलं, भाऊला विचारा, त्याच्या मनात काय आहे. भाऊ माझ्यापासून हातभर अंतरावर भात कालवत होता.

वहिनी त्याच्याकडे वळल्या. "रत्नाबाई विचारून राहिल्या, तुमच्या मनात काय हाय."

"तिले सांग, तिच्या मनात हाय तेच."

"ते म्हणतात, तुमच्या मनात हाय तेच."

"त्याला सांगा, माझ्या मनात एवढंच आहे की भाऊचं मन मोडू नये."

"ऐकलं," भाऊ म्हणाला, आणि त्याने आणखी वरण मागितलं.

यापेक्षा स्पष्ट काय असतं? मी सही करणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाऊ दुपारी कारखान्यात नसतो. वेल्डरला विचारलं तर म्हणाला, "पाण्याची लाइन पाहाले गेले." रोज कुठली लाइन? पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टाला मासळीचा वास. काल ओसरीवरून दोनदा हाक मारली, ओ दिली नाही. जन्मभर त्या खडखडाटात उभं राहून कान गेले असावेत. की विक्रीचं मनाला लागलं आहे? स्वतःच्याच कारखान्यात त्याला थांबवत नाही. जेवण मात्र दुप्पट झालं आहे. दुःखात काही माणसांचं तसं होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज मी भाऊच्या मागे गेले. पाळत वगैरे नाही, तो रक्तदाबाची गोळी विसरला होता.

तलाव गावाबाहेर आहे, धानाच्या बांध्या ओलांडून. धान कापलेलं, सगळीकडे खुंट, माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तलावाच्या पाळीवर, बांधावर, पोचले तर समोर भाऊ, पायजमा वर खोचून पाण्यात उभा, आणि मोतीलाल ढिवराबरोबर जाळं ओढतो आहे. तलाव ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीकडे आहे. मोतीलाल आणि भाऊ शाळेत एका बाकावर होते.

"बाई आल्या," मोतीलाल म्हणाला. "या, बसा. तुमच्या भावाले सांगा, जाळं असं ओढाचं नसते. सहा महिने झाले शिकवून राहिलो, मासोळीच हासते याले."

"तुलेच हासते," भाऊ म्हणाला. "तुहं तोंड पाहून."

"माहं तोंड पाहून तरी येते. तुहं पाहून तं पळते."

दोघं हसत होते. भाऊ असा तोंड उघडून हसतो हे मी विसरले होते. मी गोळी पुढे केली. त्याने घेतली, तलावाच्या पाण्याबरोबर गिळली. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने हात वर केला, "चूप," आणि मान वळवली. पलीकडे कमळाच्या पानांपाशी काहीतरी बुडकन वाजलं होतं. मला ऐकूच आलं नाही. "मरळ हाय," तो कुजबुजला.

म्हणजे कान शाबूत आहेत.

परत येताना मी वाटभर विचार करत होते. बिचारा. कारखाना जाणार म्हणून माणूस चिखलात मन रमवतो आहे. सहा महिने म्हणाला मोतीलाल. म्हणजे प्रीतमने विक्रीचं तेव्हापासूनच काढलेलं दिसतं. मुलाने बापाला कुठे नेऊन सोडलं ते प्रीतमला सुनावलं. प्रीतम म्हणाला, "आत्या, विक्रीचं मी दसऱ्याला काढलं." मला ते तारखांचं नीट जुळलं नाही, पण मुद्दा तो नव्हता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गोंदियाच्या एका दवाखान्यातून फोन. आमच्या नव्या यंत्रात चादरी फाटतात.

प्रीतमला विचारलं, ड्रममध्ये कोसा फिरवला होता का? त्याने छताकडे पाहिलं. दिवाळीची घाई होती, रेवताबाई सुटीवर होती, ग्राइंडर मारला की पुरे होतं, आता साड्या कोण फिरवतं, वगैरे. फोनवरचा माणूस तिकडे तापलेला. प्रीतमने फोन भाऊकडे दिला. भाऊ "हो, हो, पाहू" म्हणाला आणि फोन पुन्हा प्रीतमकडे दिला. फोन असा चेंडूसारखा फिरताना पाहून माझं डोकं गेलं. मी तो काढून घेतला.

म्हटलं, "मी रत्ना बोलते, अर्ध्या कारखान्याची मालकीण. चूक आमची आहे. ड्रम आम्ही बदलून देऊ, दोन तारखेला आमचा माणूस घेऊन येईल. तोवर त्या यंत्रात फक्त ब्लँकेटं धुवा, चादरी घालू नका. आणि हे तुम्ही पहिल्या चादरीला कळवायला हवं होतं, गठ्ठा फाडून झाल्यावर नव्हे."

पलीकडून तो म्हणाला, "ठीक आहे, मॅडम." मॅडम.

वेल्डरला ड्रमच्या पत्र्याला लावलं, प्रीतमला गाडी ठरवायला पाठवलं, दाराच्या रबराची मागणी भंडाऱ्याच्या दुकानात तिथल्या तिथे नोंदवली. भाऊ या सगळ्या वेळात हात मागे बांधून खिडकीबाहेर पाहत होता. एवढा हादरला होता. मला तर इतका संताप आला होता की संध्याकाळपर्यंत बसायचंही भान राहिलं नाही. घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या.

डिंपल म्हणाली, "आत्या, आज तुमचा चेहरा छान दिसतोय." संतापाने रक्त चढतं, दुसरं काय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

इतिहास तिथेच अडला आहे. भाऊवर एक प्रकरण हवं, आणि भाऊ काही सांगत नाही. आज वहिनींना म्हटलं, भाऊला विचारा, कारखान्यातला त्याचा सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता. त्या विचारून आल्या. "ते म्हणतात, लाइन जाते तो."

लाइन म्हणजे वीज. विनोदबुद्धी शाबूत आहे म्हणायची.

कोइम्बतूरचे लोक चार तारखेला येणार. प्रीतम माझ्याशी धड बोलत नाही. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुम्ही दोघं भाऊबहीण एक डाव बसून बोला ना बाप्पा." मी म्हटलं, आमच्यात तशी पद्धत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग एकेक शेंग अशी मोडायला लागल्या की मी उठून गेले.

३० नोव्हेंबर, रविवार

अंग ठणकतं आहे, पण लिहून ठेवते.

गोंदियाचा नवा ड्रम काल पूर्ण झाला. उद्या बांधून परवा जायला हवा. रेवताबाईला बोलावलं तर तिच्याकडे धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू आहे, बैल नाही म्हणून ट्रॅक्टर भाड्याने आणलाय, ती खळं सोडून येणं शक्य नाही. वहिनींचे गुडघे. डिंपल माहेरी साकोलीला. प्रीतम ड्रमच्या त्या दारातून आत जाणार नाही, त्याचा अर्धा भाग जाईल. वेल्डरला रविवारची सुटी. राहिले कोण?

मी साडीवर प्रीतमची जुनी पँट चढवली, म्हणजे साडी सोडून, आणि कोशाचा तुकडा खांद्यावर टाकून आत शिरले. आधी हात, मग डोकं, मग बाकीची मी. बासष्टाव्या वर्षी बाईने करावं असं हे काम नाही. भाऊ बाहेरून ड्रम हाताने हळूहळू फिरवणार, मी तळाशी बसून समोर येईल तो पत्रा तपासणार, असं ठरलं. प्रीतम गाडीवाल्याकडे गेला होता. कारखान्यात दुसरं कोणी नव्हतं.

"फिरव," मी म्हटलं. त्याने फिरवला.

"थांब. खूण केली. फिरव."

असं बराच वेळ चाललं. कुठे काही लागत नव्हतं, कुठे धागा अडकत होता. मग मी "फिरव" म्हटलं आणि ड्रम फिरला नाही.

"भाऊ?"

"रत्ना, तू सही काहून करून नाही राहिली?"

मी दाराकडे मान वळवली. त्यातून मला त्याच्या शर्टाची दोन बटणं दिसत होती. त्याला मी दिसत असणं शक्य नव्हतं.

"वहिनींना सांगितलंय मी."

"जना इथं नाही."

"तुझ्यासाठी करत नाही," मी म्हटलं. "तुझा जीव आहे इथे."

बटणं हलली नाहीत.

"मले वाटे तुहा हाय," भाऊ म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"आबानं. शेवटी दवाखान्यात होते तवा. म्हणे, रत्नाचा जीव हाय कारखान्यात, मोडू नको. अन् तू दर दिवाळीले येत होती तं दारातूनच विचारे, कारखाना कसा चालला? पाणी प्यायच्या आधी. मले धडकी भरे."

"मी तुला बरं वाटावं म्हणून विचारत होते."

"मले नाही वाटे बरं."

ड्रमच्या आत आवाज फिरून फिरून येतो, त्यामुळे ते वाक्य मला दोनदा ऐकावं लागलं.

मी म्हटलं, "मला आबांनी तुझा जीव सांगितला होता. बी.एस्सी. झाले तेव्हा मी त्यांना म्हणाले होते की नागपूरला नोकरी कशाला, मी लाखनीला येते, कारखान्यात बसते. तर म्हणाले, केशवचं मन मोडेल, त्याच्या आड येऊ नको. म्हणून मी विम्यात गेले."

"तू येत होती?"

"फिरव."

"तू येत होती, रत्ना?"

"भाऊ, माझी पाठ मोडली आहे. ड्रम फिरव."

त्याने फिरवला. एक फेरा आम्ही नुसतं काम केलं. मग तो, फिरवता फिरवताच, म्हणाला, "मले हे कधीच नाही पाहिजे होतं."

"मग तुला काय व्हायचं होतं?"

"काहीच नाही. मले बसाचं होतं."

"कुठे?"

"तलावावर."

"जन्मभर?"

"थोडं तरी."

विमा कंपनीत अशा दाव्याला रकानाच नाही. मी म्हटलं, "एवढं होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू समोर असली तं कोणाची हिंमत होते बोलाची? आज तोंड दिसत नाही म्हणून बोलून राहिलो."

तेवढ्यात कोसा अडकला. चांगला खोल अडकला. मी खूण करायला गेले तर खडू हातातच मोडला. दुसरा मागितला, त्याने दारातून हात घालून दिला.

बाहेर निघताना मी कमरेला अडकले. भाऊने दोन्ही हात धरून ओढलं. बाहेर येऊन मी केस नीट केले, त्याने कानशी पुसून फळीवर ठेवल्या. घरी येईपर्यंत आम्ही ट्रॅक्टरवाल्यांच्या भाड्याबद्दल बोललो.

१ डिसेंबर, सोमवार

आबांचा राग येतो आहे. मेलेल्या माणसावर रागावण्यात सोय एवढीच की तो मधे बोलत नाही. दोन मुलं, आणि दोघांना एकमेकांची नावं सांगून जागच्या जागी खिळवून ठेवलं. आणि हे मी गुळगुळीत कागदावर छापायचं?

सकाळी जना वहिनींना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"भाऊला कारखाना नको होता ते."

"मले दोघायचं बी माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्यायले नको होता अन् तुम्हाले पाहिजे होता."

"मला पाहिजे होता असं मी कधी म्हटलं?"

त्यांनी चहा गाळला.

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं निरोप तुमच्याच तोंडून जात होते."

"जात होते ना. तुम्ही मले निरोप देत होत्या, रत्नाबाई. विचारत कोणी नव्हतं." कप माझ्यापुढे ठेवला. "घ्या. साखर कमी हाय."

खरंच कमी होती.

४ डिसेंबर, गुरुवार

कोइम्बतूरचे दोघं आले. सभ्य होते. मी सोप्या इंग्रजीत सांगितलं की कारखाना विकायचा नाही, जेवून जा. ते जेवून गेले.

त्याआधी काल प्रीतमशी बसले होते. सरळ तोंडावर, मधे कोणी नाही. म्हटलं, भाऊ आता कारखान्यात येणार नाही. त्याच्या खुर्चीवर मी बसते. वर्षभर पाहू. नाही जमलं तर पुढच्या डिसेंबरात मी स्वतः त्या लोकांना फोन करीन.

"आत्या, तुम्हाला या वयात हे झेपेल?"

"मला हौस नाही. कोणीतरी बसायला हवं."

"आणि मी काही विचारलं तर?"

"हो किंवा नाही. लगेच."

त्याने लगेच विचारून पाहिलं. "वेल्डिंगचं नवं मशीन घेऊ?"

"नाही. आधी लेथचा पट्टा बदल."

"बरं," तो म्हणाला, आणि चक्क हसला. नकार ऐकून हसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. या घरात सगळ्यांचंच काहीतरी बिघडलेलं आहे.

भाऊला सांगायला वहिनींकडे जात होते, मग वळले आणि ओसरीवर त्यालाच सांगितलं. तो जाळ्याची गाठ सोडवत होता. "उद्यापासून?" त्याने विचारलं. मी म्हटलं, उद्यापासून. त्याने ती गाठ पुन्हा पहिल्यापासून सोडवायला घेतली. पाहवेना म्हणून मी आत गेले.

१५ डिसेंबर, सोमवार

लिहायला वेळ मिळत नाही. गोंदियाचा ड्रम बसला, चादरी अखंड आहेत, त्या माणसाने फोन करून तसं कळवलं, आणि मी त्याला सांगितलं की यात कळवण्यासारखं काही नाही, चादरी अखंडच राहायला हव्यात. नागपूरच्या घराला कुलूप आहे. झाडं वाळली असतील. प्रीतमने पुस्तिकेची आठवण केली. म्हटलं, छापखान्याला नाही कळव, सध्या माझ्याकडे इतिहासाला सवड नाही. वेल्डर सांगितल्याशिवाय चष्मा लावत नाही. हत्यारं कुठेही पडलेली. भाऊने हे सगळं कसं चालवलं असेल देव जाणे. चालवलं नाही, सोसलं.

आज दुपारी तो आला. फाटकाबाहेर सायकल लावली आणि घंटी वाजवली, दूधवाल्यासारखी. मी बाहेर गेले. उन्हाने काळा पडला आहे. हँडलला कडीचा पत्र्याचा डबा, त्यात झिंगे, अजून हलत होते.

"जना घरी नाही. तुह्याकडे ठेव."

"आत ये, चहा घे."

"नाही. पाय ओले हायत."

फाटकाच्या आत सगळी माती आहे, ओल्या पायांनी तिचं काय बिघडणार होतं? पण मी आग्रह केला नाही. खरं म्हणजे मला त्याला विचारायचं होतं. नवा शाफ्ट एका बाजूला जड लागतो, आणि असं झालं की तो काय करायचा ते त्यालाच ठाऊक. प्रश्न तोंडापर्यंत आला होता. तो एक पाय पॅडलवर ठेवून उभा होता, मी काय विचारते म्हणून माझ्याकडे पाहत, आणि त्याचा चेहरा दर दिवाळीला दारात दिसायचा तसा व्हायला लागला.

"झिंगे बरे आहेत," मी म्हटलं.

"मोतीलालनं नाही. मी पकडले."

"दिसतंय. बारीक आहेत."

तो हसला. मी डबा आत नेला, झिंगे परातीत ओतले आणि तेव्हा लक्षात आलं की डबा आमचाच आहे, बोल्टांचा. बुडाशी अजून वंगण होतं. कारखान्याची वस्तू अशी उचलून नेलेली मला मुळीच चालत नाही, आणि हे मी सगळ्यांना बजावून ठेवलेलं आहे. मी तो सोड्याने खसखसून धुतला, पुसला, बाहेर नेला आणि त्याच्या हँडलला परत अडकवला. भाऊ तलावाच्या दिशेने गेला.

बोल्ट त्याने कारखान्याच्या खिडकीत रद्दी कागदावर ओतून ठेवलेले सापडले, मोठे आणि लहान एकत्र. संध्याकाळ ते वेगळे करण्यात गेली. शाफ्टचं उद्या माझं मीच पाहीन.